मोटारगाडीची खरेदी आणि विक्रेत्यांची दरपत्रके

बऱ्हाणपूरहून इच्छापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील शाहपूर हे केळी आणि कापूस यांच्या परिसरातील नगर आहे. येथील शेतकऱ्याला बाजारभावाची चौकशी करण्याची सवय कोणी शिकवावी लागत नाही. केळीचा घड कापणीस आला म्हणजे बऱ्हाणपूरच्या मंडीत काय भाव निघाला, रावेरला काय बोलला गेला, सावद्याचा व्यापारी काय देऊ करतो, हे विचारल्याखेरीज तो बागेत कापणी सुरू होऊ देत नाही. क्विंटलमागे पन्नास रुपयांच्या फरकासाठी चार ठिकाणी फोन करण्यास त्याला संकोच वाटत नाही.

परंतु हाच शेतकरी सहा-सात लाख रुपयांची मोटारगाडी घ्यावयास निघतो, तेव्हा बहुधा एकाच शोरूममध्ये जातो. गाडीचा रंग पसंत होतो, विक्रेता एका कागदावर आकडा लिहून देतो, मुलाबाळांच्या आग्रहास्तव त्याच दिवशी आगाऊ रक्कम भरली जाते आणि पेढे घेऊन मंडळी घरी परततात. माल विकताना जागरूक असणारा मनुष्य माल घेताना मात्र गाफील राहतो. शिक्षक व नोकरदार वर्गाचीही स्थिती फारशी वेगळी नाही. ही तफावत दूर करण्याचे एक सुलभ साधन आज प्रत्येकाच्या हातातील मोबाइलमध्ये उपलब्ध आहे. ते साधन कोणते, त्याचा उपयोग कसा करावा आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रतीक्षायादीपासून निवडीपर्यंत

विक्रेत्यास भाव विचारावा ही कल्पना मोटारगाडीच्या बाबतीत आपल्याकडे उशिरा रुजली, यास कारण आहे. एक काळ असा होता की गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. बाजारात अ‍ॅम्बॅसॅडर आणि फियाट अशा मोजक्याच गाड्या होत्या. स्कूटरसाठीही अनामत रक्कम भरून क्रमांक लागण्याची प्रतीक्षा करावी लागे. अशा स्थितीत ग्राहकाने सवलत मागण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. गाडी मिळाली हेच भाग्य. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि १९९१ नंतर अनेक देशी-विदेशी कंपन्यांच्या गाड्या बाजारात आल्या. आज एकाच किमतीच्या पट्ट्यात पाच-सहा कंपन्यांची वाहने उपलब्ध आहेत, आणि एकाच कंपनीचे विक्रेते बऱ्हाणपूर, खंडवा, इंदूर अशा निरनिराळ्या शहरांत व्यवसाय करीत आहेत. प्रतीक्षायादीचा काळ गेला, पण त्या काळातील भिडस्तपणा अनेक ग्राहकांच्या मनात अद्याप शिल्लक आहे.

वस्तुतः स्पर्धात्मक किमतीत निवड करता येणे हा ग्राहकाचा कायदेशीर हक्क मानला गेला आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ मध्ये त्याचा उल्लेख होता आणि २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या नव्या अधिनियमातही तो कायम आहे. शक्य असेल तेथे विविध वस्तू व सेवा स्पर्धात्मक किमतीत उपलब्ध होण्याची शाश्वती मिळावी, असा हा हक्क आहे. मात्र हक्क असणे निराळे आणि तो बजावणे निराळे.

शासकीय कार्यालयातील आपल्या वाचकांना यासंबंधी अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. कार्यालयासाठी टेबल-खुर्च्या किंवा शाळेसाठी बाके घ्यावयाची झाल्यास प्रथम दरपत्रके मागविली जातात, ती एका तक्त्यात मांडली जातात, आणि मगच खरेदीचा निर्णय होतो. जी शिस्त आपण सरकारी पैशाच्या बाबतीत पाळतो, ती स्वतःच्या घामाच्या पैशाच्या बाबतीत का पाळू नये?

संकेतस्थळाचे कार्य कसे चालते

मोटारगाड्यांची माहिती देणारी अनेक संकेतस्थळे आपल्या देशात आहेत. कारवाले हे संकेतस्थळ २००५ पासून आणि कारदेखो २००८ पासून कार्यरत आहे. याखेरीज प्रत्येक वाहन उत्पादक कंपनीचे स्वतःचे संकेतस्थळ असते. ग्राहकाने गाडीचे नाव, तिचा प्रकार, इंधन आणि आपले शहर निवडले की तेथील अंदाजे ऑन-रोड किंमत, म्हणजे कर व विम्यासह गाडी रस्त्यावर येईपर्यंतची किंमत, पडद्यावर दिसते. त्यापुढे ‘विक्रेत्याचा देकार मिळवा’ अशा आशयाचे बटण असते. ते दाबून नाव व मोबाइल क्रमांक भरला, की ही माहिती त्या भागातील विक्रेत्यांकडे पाठविली जाते आणि त्यांचे फोन येऊ लागतात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे समजून घेणे अगत्याचे आहे. ही सेवा ग्राहकाला विनामूल्य असली, तरी ती धर्मादाय नव्हे. ग्राहकाचे नाव मिळावे म्हणून आणि जाहिरात व्हावी म्हणून विक्रेते व उत्पादक या संकेतस्थळांना पैसे देतात. म्हणून पडद्यावर सर्वांत वर दिसणारा विक्रेता सर्वांत स्वस्त असेलच असे नाही. तसेच पडद्यावरची किंमत ही अंदाजी किंमत असते. ती कोणत्याही विक्रेत्यावर बंधनकारक नसते. विक्रेत्याकडून स्वाक्षरी व शिक्क्यासह आलेले लेखी दरपत्रक हेच खरे दरपत्रक होय. संकेतस्थळ आपल्याला त्या कागदापर्यंत पोहोचविण्याचे काम करते, इतकेच.

क्रमांक दिल्यावर दिवसभर फोन येतील, हेही गृहीत धरावे. दोन-तीन विक्रेत्यांची नावे संकेतस्थळावरून टिपून घेऊन आपण होऊनच त्यांना विचारणा केली, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. खरेदी पूर्ण झाल्यावरही फोन थांबत नसतील, तर १९०९ या क्रमांकावर व्यापारी दूरध्वनी नको असल्याची नोंद करता येते.

लाभ कोणाला होतो

या प्रकारच्या सेवेचा प्रारंभ अमेरिकेत झाला. कॅलिफोर्निया राज्यात १९९५ मध्ये ऑटोबायटेल ही कंपनी स्थापन झाली. ग्राहकाची मागणी इंटरनेटवरून घ्यावयाची आणि ती जवळच्या विक्रेत्याकडे पाठवावयाची, असे तिचे काम होते. तिच्यामार्फत गाडी घेणाऱ्यांना खरोखर स्वस्त गाडी मिळते काय, याचा अभ्यास स्कॉट मॉर्टन, झेटलमायर आणि सिल्वा-रिसो या तीन अर्थशास्त्रज्ञांनी केला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, या सेवेचा उपयोग करणाऱ्या ग्राहकांना सरासरीने सुमारे दोन टक्के कमी किंमत पडली. सात लाखांच्या गाडीवर दोन टक्के म्हणजे चौदा हजार रुपये होतात.

याहून महत्त्वाचा निष्कर्ष त्याच अभ्यासकांनी २००३ मध्ये मांडला. शोरूममध्ये समोरासमोर व्यवहार करताना कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक ग्राहकांना इतरांपेक्षा सुमारे दोन टक्के अधिक किंमत द्यावी लागत असे. इंटरनेटवरून दर मागविणाऱ्यांमध्ये हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. घासाघीस करण्यात वाकबगार असलेल्या ग्राहकाला अशा सेवेमुळे फारसा लाभ होत नाही. ज्याला घासाघीस जमत नाही, किंवा जो समोरच्याला दबतो, त्याला मात्र तिचा मोठा आधार मिळतो.

अमेरिकेतील आकडे जसेच्या तसे आपल्याला लागू होतील असे नाही. परंतु त्यामागील तत्त्व आपल्याकडेही खरे आहे. घरी मराठी बोलणारा आणि शहरातल्या चकचकीत शोरूममध्ये हिंदी-इंग्रजी शब्दांनी गांगरून जाणारा ग्रामीण ग्राहक, प्रथमच गाडी घेणारी शिक्षिका, किंवा निवृत्तीच्या रकमेतून गाडी घेणारे वयस्क गृहस्थ यांना समोरासमोरच्या बोलाचालीत विक्रेत्यावर मात करणे कठीण असते. लेखी दरपत्रक मात्र ग्राहकाचा पेहराव पाहत नाही आणि त्याची बोलीही ऐकत नाही. ते घरी ओट्यावर बसून, चष्मा लावून, दोनदा वाचता येते आणि गावातील जाणत्या माणसाला दाखविता येते.

स्पर्धेची मर्यादा

एकाच कंपनीच्या तीन विक्रेत्यांकडून दर मागविले आणि तिन्ही जवळजवळ सारखेच आले, तर ग्राहकाने चकित होऊ नये. सवलतीच्या बाबतीत विक्रेत्याला नेहमीच पूर्ण मोकळीक असते असे नाही. या संदर्भात आपल्या शेजारच्या महाराष्ट्रातील एक प्रकरण बोलके आहे. मारुती सुझुकी कंपनीच्या महाराष्ट्रातील विक्रेत्यांवर ठराविक मर्यादेपेक्षा अधिक सूट देण्यास बंदी असून, तशी सूट देणाऱ्यास दंड केला जातो, अशा आशयाची एक निनावी तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे आली. आयोगाने चौकशी केली. कोणता विक्रेता जास्त सूट देतो हे शोधण्यासाठी ग्राहक असल्याची बतावणी करणारी माणसे शोरूममध्ये पाठविली जात होती, असे आयोगास आढळले. २३ ऑगस्ट २०२१ रोजीच्या आदेशान्वये आयोगाने कंपनीस २०० कोटी रुपयांचा दंड केला. कंपनीने या आदेशाविरुद्ध अपील दाखल केले.

या प्रकरणावरून ग्राहकाने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली ही की, विक्रेत्यांमधील स्पर्धा ही कायद्याने रक्षण करण्याजोगी गोष्ट मानली गेली आहे. दुसरी ही की, रोख सवलतीचा आकडा सारखा असला म्हणून दरपत्रके सारखी असतात असे समजू नये. फरक अनेकदा सवलतीत नसून इतर बाबींत दडलेला असतो. त्यासाठी दरपत्रकाची फोड करता आली पाहिजे.

दरपत्रकातील बाबी

एक्स-शोरूम किंमत : यात वस्तू व सेवा कराचा समावेश असतो. हा कर १ जुलै २०१७ पासून देशभर एकाच दराने लागतो. त्यामुळे कराच्या कारणास्तव एका राज्यात गाडी स्वस्त व दुसऱ्यात महाग, असा भेद या बाबीत राहिलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील, म्हणजे चार मीटरपर्यंत लांबीच्या व पेट्रोलवर चालणाऱ्या असल्यास १२०० सीसीपर्यंत आणि डिझेलवर चालणाऱ्या असल्यास १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आणि त्यावरील उपकरही गेला. त्याच दिवसापासून ट्रॅक्टरवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. म्हणून कोणाकडून जुने दरपत्रक मिळाल्यास त्यावरील तारीख अवश्य पाहावी.

सवलत : रोख सूट, जुन्या गाडीच्या बदल्यातील अधिलाभ, नोकरदारांसाठीची विशेष सूट असे तिचे अनेक प्रकार असतात. काही सवलती ठराविक वर्गालाच मिळतात. दरपत्रकात एकत्रित आकडा मोठा दाखवून नंतर ‘आपण यास पात्र नाही’ असे सांगितले जाण्याचा संभव असतो. म्हणून आपल्याला प्रत्यक्षात मिळणारी सूट कोणती, हे वेगळे लिहून घ्यावे.

विमा : नव्या मोटारीसाठी १ सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. त्याचा हप्ता शासनाने ठरवून दिलेला असल्यामुळे सर्वत्र सारखाच असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र एक वर्षाचा घेता येतो आणि त्याच्या हप्त्यात कंपनीगणिक मोठा फरक पडतो. शोरूममधूनच विमा घेतला पाहिजे, असे बंधन विक्रेत्याला घालता येत नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१७ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार विमा कंपनीची निवड हा ग्राहकाचा अधिकार आहे. तुलना करताना दोन्ही विम्यांत गाडीची घोषित किंमत व जादा संरक्षण सारखेच आहे ना, हे पाहावे. नाही तर स्वस्त वाटणारा विमा अपुरा ठरतो.

वाहन कर व नोंदणी : हा कर राज्य शासनाचा असतो. त्याचे दर राज्यागणिक, किमतीगणिक व इंधनागणिक भिन्न असतात. शासनाला नेमके किती पैसे भरले याची पावती मिळते. दरपत्रकात लिहिलेली रक्कम व पावतीवरील रक्कम यांचा मेळ घालून पाहावा.

हँडलिंग चार्जेस व तत्सम आकार : परिवहन विभागाच्या शुल्कपत्रकात अशा नावाचे कोणतेही शुल्क नाही. ही रक्कम कशाबद्दल आहे, असे लेखी विचारल्यास पुष्कळदा ती कमी होते किंवा वगळली जाते.

अ‍ॅक्सेसरीज : पायपुसण्या, सीटकव्हर, संगीत यंत्रणा इत्यादी वस्तूंचा संच अनेकदा ‘आवश्यक’ म्हणून जोडलेला असतो. तो ऐच्छिक आहे. नको असल्यास दरपत्रकातून काढावयास सांगावे. फास्टॅग मात्र १ डिसेंबर २०१७ पासून प्रत्येक नव्या मोटारीस लावूनच मिळतो.

उगमस्थानी आयकर : गाडीची किंमत दहा लाख रुपयांहून अधिक असल्यास विक्रेता एक टक्का रक्कम आयकरापोटी वसूल करतो. हा खर्च नव्हे. ती ग्राहकाच्या खात्यावर जमा होते आणि कर देय नसल्यास विवरणपत्र भरून परत मिळविता येते. ज्या शेतकऱ्यांचे उत्पन्न केवळ शेतीचे आहे, त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

कर्ज : शोरूममध्ये सुचविलेल्या कर्जाचा मासिक हप्ता न पाहता वार्षिक खर्चाचा एकूण दर पाहावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी बँकेने तो दर व सर्व आकार दर्शविणारे तथ्यपत्रक ग्राहकास देणे रिझर्व्ह बँकेने आवश्यक केले आहे. आपल्या नेहमीच्या बँकेकडून असे पत्रक आधीच मागवून ठेवावे.

एक उदाहरण

केवळ समजण्यासाठी एक कल्पित हिशेब मांडू. एकाच प्रकारच्या गाडीसाठी आपल्याच राज्यातील दोन विक्रेत्यांनी दर दिले आहेत. एक्स-शोरूम किंमत दोघांचीही ७,००,००० रुपये आहे आणि वाहन करही सारखाच असल्यामुळे तो तूर्त बाजूला ठेवू.

पहिला विक्रेता २५,००० रुपये सूट देतो. त्याचा विमा ३८,००० रुपयांचा आहे, अ‍ॅक्सेसरीजचे १८,००० रुपये व हँडलिंगचे ६,००० रुपये आहेत. एकूण रक्कम ७,३७,००० रुपये होते.

दुसरा विक्रेता केवळ १२,००० रुपये सूट देतो. त्याच संरक्षणाचा विमा त्याच्याकडे २७,००० रुपयांना आहे आणि इतर कोणताही आकार नाही. एकूण रक्कम ७,१५,००० रुपये होते.

सवलतीचा आकडा पाहणारा ग्राहक पहिल्याकडे जाईल आणि बेरीज पाहणारा ग्राहक दुसऱ्याकडे जाऊन २२,००० रुपये वाचवील. याहून चांगला उपाय असा की, दुसऱ्या विक्रेत्याचे दरपत्रक घेऊन पहिल्याकडे जावे आणि याहून कमी होत असेल तर सांगा, असे शांतपणे विचारावे. पुष्कळ वेळा याच एका प्रश्नाने काम होते. मात्र खोटे दरपत्रक दाखविण्याचा किंवा नसलेला दर सांगण्याचा मोह टाळावा. आपण सचोटीने वागलो तरच समोरच्याकडून सचोटीची अपेक्षा करता येते.

सीमेवरील गावांचा विशेष प्रश्न

शाहपूरसारख्या ठिकाणी दरपत्रके मागविताना एक अधिकचा प्रश्न उभा राहतो. इच्छापूर ओलांडले की महाराष्ट्र लागतो. मुक्ताईनगर, भुसावळ, जळगाव येथे सोयरिक आहे, बाजार आहे, दवाखाने आहेत. तेव्हा जळगावच्या विक्रेत्याकडून दर का मागवू नये, असे अनेकांच्या मनात येते. मागविण्यास मुळीच हरकत नाही. मात्र तुलना करताना पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

मोटारवाहन अधिनियमानुसार, जेथे मालक राहतो किंवा व्यवसाय करतो आणि जेथे गाडी सर्वसाधारणपणे ठेवली जाते, त्या राज्यात तिची नोंदणी व्हावयास पाहिजे. शाहपूरच्या रहिवाशाची गाडी मध्य प्रदेशात नोंदविली जाईल, तिला बऱ्हाणपूरचा एमपी-६८ हा क्रमांक मिळेल आणि वाहन करही मध्य प्रदेशाचाच भरावा लागेल. म्हणून जळगावच्या विक्रेत्याने महाराष्ट्राचा वाहन कर धरून सांगितलेली ऑन-रोड किंमत आपल्या उपयोगाची नाही. त्याच्याकडून कर वगळून दर मागवावा आणि त्यात मध्य प्रदेशाचा कर स्वतंत्रपणे मिळवावा.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर, विक्रेता ज्या राज्यात आहे त्याच राज्यात नव्या गाडीची नोंदणी व्हावयाची असल्यास नोंदणीचा अर्ज विक्रेत्यानेच करावयाचा असतो. राज्याबाहेरून गाडी आणल्यास ही सोय राहत नाही. तात्पुरती नोंदणी करून गाडी आणावी लागते आणि कायम नोंदणीसाठी मालकाला स्वतः परिवहन कार्यालयात जावे लागते. विक्री प्रमाणपत्र, रस्त्यावर चालविण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र, विमा व बीजक ही कागदपत्रे व्यवस्थित घेतली नसल्यास हेलपाटे वाढतात. हा खर्च व ही दगदग हिशेबात धरूनच बाहेरचा दर स्वस्त आहे किंवा नाही ते ठरवावे. काही कंपन्यांनी विक्रेत्यांना कार्यक्षेत्र नेमून दिलेले असल्यामुळे बाहेरचा विक्रेता दर देण्यास नकारही देऊ शकतो.

नातेवाइकाचा पत्ता दाखवून जळगावचा एमएच-१९ क्रमांक घ्यावा आणि गाडी कायम शाहपुरातच वापरावी, असा सल्ला काही मंडळी देतात. तो मानू नये. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथील क्रमांक घेणे कायद्याने आवश्यक ठरते, आणि चुकीच्या पत्त्यामुळे अपघाताच्या व विम्याच्या वेळी अडचण उभी राहू शकते.

विचारणा कशी करावी

सर्व विक्रेत्यांना एकच मजकूर, एकाच दिवशी पाठवावा. म्हणजे उत्तरांची तुलना सुलभ होते. मोबाइलवरील संदेशासाठी किंवा ई-पत्रासाठी पुढील नमुना उपयोगी पडेल :

‘महोदय, मी शाहपूर, जिल्हा बऱ्हाणपूर येथील रहिवासी असून मला आपल्या कंपनीची अमुक गाडी, अमुक प्रकार, अमुक इंधन व अमुक रंग यात घ्यावयाची आहे. कृपया पुढील बाबी स्वतंत्रपणे दर्शविणारे लेखी दरपत्रक पाठवावे : एक्स-शोरूम किंमत, मला मिळू शकणारी सूट, विमा कंपनीचे नाव व हप्ता, वाहन कर व नोंदणी शुल्क, अन्य कोणताही आकार व त्याचे कारण. अ‍ॅक्सेसरीज नको आहेत. गाडीच्या उत्पादनाचा महिना व वर्ष, ती मिळण्याची तारीख आणि दरपत्रकाची मुदत नमूद करावी. मी अन्य विक्रेत्यांकडूनही दर मागवीत आहे.’

शेवटचे वाक्य लिहिण्यास संकोच वाटू देऊ नये. स्पर्धा आहे हे विक्रेत्यास कळले, तरच तिचा लाभ ग्राहकास होतो. फोनवर ‘तुम्ही एकदा शोरूमला या, मग बघू’ असे उत्तर आले, तर लेखी दर आल्यावर येईन असे नम्रपणे सांगावे. उत्पादनाचा महिना विचारण्याचे कारण असे की, गतवर्षी तयार झालेली गाडी यंदा विकावयाची असल्यास तिच्यावर अधिक सूट मिळणे रास्त ठरते. गाडीची चाचणी मात्र प्रत्यक्ष जाऊनच घ्यावी. ते काम मोबाइल करू शकत नाही.

विक्रीनंतरच्या सेवेचाही विचार करावा. दूरच्या विक्रेत्याकडे पाच हजार रुपये वाचले, आणि गाडीच्या प्रत्येक कामासाठी तेथेच जावे लागले, तर ती बचत रस्त्यातच संपते. कंपनीच्या जवळच्या अधिकृत सेवाकेंद्रात हमीच्या काळातील दुरुस्ती करून मिळेल काय, हे आधी विचारून घ्यावे. दोन दरांत किरकोळच फरक असेल, तर जवळचा विक्रेता पत्करणे शहाणपणाचे ठरते.

फसवणुकीपासून सावधगिरी

नामांकित कंपनीच्या नावाशी साधर्म्य असलेली बनावट संकेतस्थळे निर्माण करून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार घडतात. संकेतस्थळावर मोबाइल क्रमांकाची खात्री करण्यासाठी आलेला सांकेतिक क्रमांक तेथे भरणे, ही नेहमीची पद्धत आहे. परंतु बँकेकडून आलेला सांकेतिक क्रमांक कोणालाही फोनवर सांगू नये. ‘सवलत राखून ठेवण्यासाठी आत्ताच पाच हजार पाठवा’ अशा घाईला बळी पडू नये. आगाऊ रक्कम विक्रेत्या संस्थेच्या बँक खात्यातच भरावी, विक्री प्रतिनिधीच्या व्यक्तिगत खात्यात नव्हे, आणि मागणी रद्द केल्यास ती किती दिवसांत परत मिळेल हे पावतीवर लिहून घ्यावे. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

शेतमालाची रक्कम अनेकदा रोख स्वरूपात घरी असते. तथापि, १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. म्हणून रक्कम बँकेत भरून धनादेशाने किंवा खात्यातून द्यावी. त्यामुळे ग्राहकाच्या हाती आपोआप पुरावाही राहतो.

तक्रार कोठे करावी

लेखी दरपत्रकापेक्षा अधिक रक्कम घेतली, ठरलेली गाडी दिली नाही किंवा आगाऊ रक्कम परत केली नाही, तर प्रथम विक्रेत्यास लेखी कळवावे. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेवढ्यानेही काम न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहारांच्या तक्रारी जिल्हा आयोग ऐकतो. यासाठीचे शुल्कही बेताचे आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास काहीही नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत २०० रुपये आणि दहा ते वीस लाखांपर्यंत ४०० रुपये. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल केली पाहिजे.

सीमावर्ती भागातील ग्राहकांसाठी नव्या अधिनियमात एक महत्त्वाची सोय आहे. ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते. जळगावात गाडी घेतली म्हणून जळगावासच खेटे घालावेत, असे बंधन आता नाही. तसेच स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी वाहन घेणारा मनुष्यही ग्राहकच समजला जातो.

शिक्षक व कार्यकर्त्यांचे साहाय्य

गावातील ज्या वडीलधाऱ्यांना मोबाइलवरील संकेतस्थळे हाताळता येत नाहीत, त्यांना गावचे शिक्षक, सुशिक्षित तरुण व सेवाकेंद्र चालविणारे यांनी मदत करावी. शाळेत वरच्या वर्गांतील मुलांना टक्केवारी शिकविताना दोन दरपत्रकांची तुलना हे उदाहरण घातले, तर गणिताचा धडाही होईल आणि ते मूल घरी जाऊन वडिलांच्या हातातील कागद वाचू शकेल. मोटारगाडीच नव्हे, तर ट्रॅक्टर, मोटारसायकल, ठिबक सिंचनाचा संच किंवा विहिरीवरील पंप घेतानाही हीच पद्धत उपयोगी पडते.

मोटारगाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. रात्री-अपरात्री आजारी माणसाला बऱ्हाणपूरला किंवा जळगावला नेणे असो, मुलीच्या परीक्षेचे केंद्र गाठणे असो, ग्रामीण कुटुंबाची ती गरज झाली आहे. त्या गरजेपोटी घरची मंडळी वर्षानुवर्षे पैसा साठवितात. तो पैसा देताना एक आठवडा थांबून चार दरपत्रके मागविणे, ती एका कागदावर मांडणे आणि शेवटची बेरीज पाहून निर्णय घेणे, एवढे कष्ट प्रत्येक ग्राहकाने अवश्य घ्यावेत. केळीच्या घडाचा भाव चार ठिकाणी विचारणाऱ्या शेतकऱ्याला हे काम मुळीच अवघड जाणार नाही.